बेळगावात हार्डकोर बँड चालवायचा तर

हार्डकोर, म्हणजे पंक रॉकमधून निघालेलं वेगवान, ओरडून गायचं संगीत, वाजवायला मोठं शहर लागतं, हा समज मोठ्या शहरांतल्या लोकांचा आहे. १९७६ ते १९८०च्या दरम्यान वॉशिंग्टन डी.सी.त बॅड ब्रेन्स आणि मायनर थ्रेट, कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग हे बँड उभे राहिले. त्यांच्या पाठीशी कोणतीही मोठी कंपनी नव्हती. मायनर थ्रेटमधल्या दोघांचा हात असलेलं डिस्कॉर्ड हे लेबल १९८०मध्ये निघालं, ते मित्रमंडळींच्या तबकड्या स्वतःच काढून विकायला. कार्यक्रम भाड्याच्या सभागृहांत व्हायचे. मायनर थ्रेट १९८३मध्ये संपलासुद्धा. एवढ्या नावाजलेल्या बँडचं आयुष्य तीन वर्षांचं, तर बेळगावातल्या बँडनं आपलं आयुष्य इंजिनिअरिंगच्या डिग्रीएवढं धरावं. चौथ्या वर्षी कॅम्पसमधून नोकरी लागते, कोणी पुण्याला जातो, कोणी बंगळूरला. हाताशी तीन-साडेतीन वर्षं असतात आणि त्यातलं पहिलं वर्ष बहुतेक बँड खोली, वीज आणि ड्रमर या तीन गोष्टींत घालवतात. म्हणून या तिन्हींवर इथे जास्त लिहितो आहोत. गाणी कशी लिहावीत हे ज्याचं त्याला सुचतं.

आधी खोली. टिळकवाडीत बंगल्याच्या मागची खोली मिळते, खरं महिनाभरात शेजारचे काका गेटवर येतात. शहापूर, वडगाव, खासबाग या बाजूला कापडाचे माग आहेत. दिवसभर खटखट चालू असते आणि तिथल्या माणसांचे कान त्यात तयार झालेले असतात. मागाच्या शेडला लागून असलेली नऊ इंची विटांची खोली, साधारण बारा बाय पंधरा फूट, ही या गावात हार्डकोर बँडला मिळू शकणारी सगळ्यात चांगली जागा. अट एवढीच की माग चालू असतानाच वाजवायचं. संध्याकाळी माग थांबले की त्याच गल्लीत तुमचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, तीन घरं पलीकडे ऐकू जातो. उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, रिकामं शेड मिळालं तर वेळेचं बंधन कमी, पण पत्र्याचं छत ठरावीक सुरांना स्वतःच घुमायला लागतं आणि जून ते सप्टेंबर पावसाचा आवाज अॅम्पच्या (अॅम्प्लिफायरच्या) वर जातो.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. आवाज बाहेर जाणं थांबतं ते वजनामुळे आणि फटी बुजवल्यामुळे. ट्रेला वजनच नसतं. ते फक्त खोलीतली वरची किणकिण थोडी कमी करतात, वर आग लागली तर झटक्यात पेटतात. भिंत नऊ इंची असेल तर तिच्याकडे बघायची गरज नाही. आवाज जातो दारातून आणि वरच्या झरोक्यातून. दाराला आतून १८ मिमी प्लायचा दुसरा थर ठोकावा, चारही कडांना रबराची पट्टी आणि उंबऱ्याशी झाडूसारखी पट्टी लावावी. झरोका विटेनं बुजवावा, पण मग हवेसाठी एक पंखा आणि दर पाऊण तासानं दार उघडणं आलंच. खोलीतला घुमारा कमी करायला वाकळ उत्तम. जुन्या साड्यांच्या जाड वाकळा भिंतीपासून चार बोटं पुढे, दोरीवर टांगायच्या. भिंतीला घट्ट चिकटवल्या तर काम निम्म्यानं होतं. कारण भिंतीलगत हवेची हालचाल कमी असते आणि कापड आवाज खातं ते त्यातून हवा हलली तरच.

बेस ड्रमचा (किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका हवेतून कमी आणि फरशीतून जास्त जातो. त्यासाठी ड्रमखाली चौथरा करायचा: १८ मिमी प्लायचे दोन तक्ते, दोन्हींना समोरासमोर उथळ खाचा आणि मध्ये टेनिस बॉल. सहा बाय सहा फुटांच्या चौथऱ्याला पंचवीस-तीस बॉल लागतात. दोन तक्ते एकमेकांना स्क्रूनं जोडू नयेत. जोडले की ठोका स्क्रूमधूनच खाली उतरतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

मागाच्या शेजारचा एक तोटा म्हणजे रुईचे तंतू. अॅम्पच्या पंख्यात, मिक्सरच्या सरकत्या खटक्यांमध्ये ते जाऊन बसतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारणं आणि वाजवून झालं की सगळ्यावर कापड टाकणं एवढं पुरतं. दुसरा तोटा मोठा, तो म्हणजे वीज.

सरहद्दीच्या या पट्ट्यात बँडचं सामान वाजवून कमी आणि विजेनं जास्त मरतं. कुठेही, अगदी आपल्याच खोलीत, पहिल्यांदा प्लग लावण्याआधी मल्टिमीटर काढायचा. फेज ते न्यूट्रल २१५ ते २४० व्होल्ट हवेत. फेज ते अर्थही जवळपास तेवढेच दिसले पाहिजेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ मोजताना शंभर-सव्वाशे दाखवलं किंवा आकडा नाचत राहिला, तर त्या बोर्डावरचं अर्थिंग फक्त दिसायला आहे, भोकामागे तार नाही. जुन्या कार्यालयांत हे सर्रास आढळतं.

हे समजून घेणं का गरजेचं, तर गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. अॅम्प एका बोर्डावर, मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या फेजवर, आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा वेळी गिटार गळ्यात अडकवून गायला गेलेल्याच्या ओठाला झटका बसतो. कधी नुसती मुंगी, कधी माणूस फेकला जाईल एवढा. स्टेजवर चढण्याआधी मीटरचं एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावायचं, एसी व्होल्टवर. दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर वाजवायचं नाही. आधी सगळं सामान एकाच बोर्डावरून, २.५ चौरस मिमीच्या तीन-तारी वायरीनं घ्यायचं. दोन-तारी पांढरी फ्लेक्स, जी मांडववाला लाइटच्या माळांना वापरतो, ती अॅम्पला नको. तिच्यात अर्थ नसतो आणि लांब ओढली की व्होल्टेज पडतं. माइकला स्पंजची टोपी घातली की ओठाची मुंगी जाते, पण दोष तसाच राहतो. हम, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, घालवण्यासाठी प्लगची जाड पिन काढून टाकणारे वादक आहेत. त्यांना बँडमध्ये घेऊ नका. हम घालवायला डीआय बॉक्सवर (गिटार थेट मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो त्याचसाठी आहे.

जनरेटरवर किंवा मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीवर आणखी एक धोका आहे. थ्री फेजमधला न्यूट्रल ढिला पडला किंवा तुटला, की एखाद्या फेजवर २३०च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येतात आणि दहा सेकंदांत गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर, मिक्सर, अॅम्प असे सगळे जातात. यावर ओव्हर-व्होल्टेज कटऑफ असलेला एक डबा, जो फ्रिजसाठी मिळतो, तो पेडल आणि मिक्सरला पुरतो. अॅम्पला त्याच्या वॅटप्रमाणे मोठा घ्यावा. बँडच्या पहिल्या पैशातून अॅम्पच्या आधी हा डबा, मीटर आणि चांगली वायर घ्यायची.

गिटारचं थोडक्यात. ड्रॉप सी ट्यूनिंगला, म्हणजे सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवली की, नऊ नंबरच्या तारा ढिल्या पडतात (नंबर म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), जोरात मारलं की सूर वर जाऊन खाली येतो. अकरा ते चोपन्न किंवा बारा ते छप्पनचा संच लावा. जाड तार लावली की नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत ती अडकते; खाच बारीक कानशीनं रुंद करावी लागते, आणि मानेतली सळी (ट्रस रॉड) पाव पाव फेरा फिरवून मान सरळ करावी लागते. एका दिवसात पूर्ण फेरा नको. मग बाराव्या पट्टीवरचा सूर आणि मोकळ्या तारेचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) जुळेपर्यंत सॅडल (तारेचा खालचा टेकू) मागे-पुढे. हे काम दोन गिटारना वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. पावसाळ्यात गिटार पेटीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. भिंतीला टांगलेली गिटार सप्टेंबरपर्यंत वाकते. डिस्टॉर्शनचा गेन (आवाज किती फाडायचा ती मात्रा) घरी वाटतो त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी ठेवा. जास्त गेननं आघात दबतो आणि हार्डकोरमध्ये सगळं आघातावर चालतं.

आता ड्रमर. गिटार वाजवणारी पोरं प्रत्येक कॉलेजात दहा असतात, ड्रमर सगळ्या शहरात मिळून बोटांवर मोजण्याइतके, आणि ते चार-चार बँडमध्ये विभागलेले. त्यामुळे तयार ड्रमर शोधत बसू नका. ढोल-ताशा पथकात किंवा बेंजो पार्टीत वाजवणारा ताशेवाला धरा. त्याच्या मनगटाचा वेग आणि दम दोन्ही आयते असतात. गणपतीत तासन्‌तास वाजवणाऱ्याला पंचवीस मिनिटांचा सेट म्हणजे काहीच नाही. कमी असतो तो पाय. हात आणि पाय वेगळे चालवणं त्यानं कधी केलेलं नसतं. त्याला पहिले चार-सहा महिने बेस ड्रमचं एकच पेडल द्यावं, दोन्ही पायांचं डबल पेडल नको. सुरुवात डी-बीटनं करावी, म्हणजे डिस्चार्ज या इंग्लंडच्या बँडपासून रूढ झालेला तो पळता ताल. आधी मेट्रोनोम (तालाची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर, हात न चुकता पाच मिनिटं चालला तरच पाचानं वाढवायचा. १८०ला पोचल्यावर बहुतेकांचा पाय आखडतो. पोटरी ताणून जोर लावण्याची सवय हे त्याचं कारण. टाच थोडी उचलून घोट्यातून मारायला लावा, सीट गुडघ्याच्या थोडी वर घ्या. २००च्या पुढे जाण्याची घाई करू नये. वेगवान पण डळमळीत ड्रमपेक्षा १८५ला खिळल्यासारखा ड्रम प्रेक्षकांना जास्त हलवतो.

ताशेवाल्याची एक सवय मात्र मोडावी लागते. तो झांज सरळ वरून, काठीच्या बुंध्यानं मारतो. ड्रमची झांज अशी मारली आणि स्टँडचा नट घट्ट आवळला असेल, तर काठापासून चीर जाते. नट ढिला, खाली-वर फेल्ट, मध्ये प्लास्टिकची नळी आणि फटका तिरका, ओझरता. चीर गेलीच तर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून घ्यायचं. चीर तिथे थांबते, निदान काही महिने. उद्यमबागेतला कोणीही ड्रिलवाला हे पाच मिनिटांत करतो. हाय-हॅटचा (पायानं मिटायच्या झांजजोडीचा) तुटलेला क्लच, पेडलची झिजलेली पिन, स्टँडचा पाय या सगळ्याला मुंबईहून सुटा भाग मागवण्यापेक्षा तिथल्या लेथवर करून घेतलेला भाग जास्त टिकतो. फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव असल्याचा हा फायदा पुण्यातल्या बँडलासुद्धा एवढ्या सहज मिळत नाही.

गाणं दीड ते अडीच मिनिटांचं. वेगाचा भाग, मग ताल अर्ध्यावर आणणारा ब्रेकडाउन, ज्यावर लोक उड्या मारतात. ब्रेकडाउनला हलगी घ्यायचा मोह इथे प्रत्येक बँडला होतो आणि तो रास्त आहे. पण हलगीचा कडकडाट स्नेअरच्या आणि गिटारच्या वरच्या सुरांच्याच पट्ट्यात, साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झमध्ये बसतो. तिघं एकदम वाजले तर कोणीच ऐकू येत नाही. हलगी आली की स्नेअर बंद, गिटार फक्त खालच्या दोन तारांवर. हलगी शेकायला आग लागते आणि हॉलमध्ये आग चालत नाही, म्हणून बाहेर शेकून फडक्यात गुंडाळून आणायची आणि सेटच्या पहिल्या चार गाण्यांतच वापरून टाकायची. पुढे ती उतरते.

शब्द मराठीत लिहा. इंग्रजीत ओरडलेलं कोणालाच कळत नाही, मराठीत ओरडलेलं निदान निम्म्यांना कळतं. लांब 'आ' आणि 'ओ'वर आवाज मोकळा सुटतो, 'ई'वर घसा आवळतो. म्हणून ओळीचा शेवट शक्य तो 'आ'कारान्त. घोषणेसारखं धृपद दोन-तीन शब्दांचंच असावं. समोर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे सगळे असतात आणि दोन शब्द कोणीही उचलतो.

ओरडण्याचं तंत्र असतं. खऱ्या स्वरतंतूंवर जोर द्यायचा नाही. त्यांच्या वरच्या, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या घड्या जवळ आणून पोटाच्या दाबावर हवा सोडायची. जड वस्तू उचलताना आपोआप निघतो त्या आवाजापासून सुरुवात करावी. बरोबर जमत असेल तर आवाज आश्चर्य वाटेल एवढा हळू असतो, मोठा करायचं काम माइकचं. खवखव, रक्ताची चव, दुसऱ्या दिवशी बसलेला आवाज, यातलं काहीही आलं की थांबायचं. आठवड्यात सुटलं नाही तर कान-नाक-घशाचा डॉक्टर. माइकच्या जाळीला मूठ घालून गाऊ नका. दिसायला बरं दिसतं, पण माइकची मागून येणारा आवाज टाळण्याची क्षमता जाते आणि स्टेजवरचा मॉनिटर स्पीकर शिटी मारायला लागतो.

कानाचं एकदाच सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत झांजेशेजारी त्याहून कितीतरी जास्त असतं. फोमचे बोळे प्रत्येकाच्या खिशात हवेत. न घालणाऱ्याला खोलीत घेऊ नये.

रेकॉर्डिंग आपल्याच खोलीत होतं. माग बंद असलेला दिवस मागवाल्याला विचारून ठरवायचा. ड्रमला चार माइक पुरतात: किक, स्नेअर, वर दोन (ओव्हरहेड). वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून दोरीनं मोजून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर स्नेअर पोकळ ऐकू येतो. सॉफ्टवेअरची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गिटार अॅम्पमधून घेतानाच तिची कोरी लाइनही, म्हणजे अॅम्पशिवायचा थेट आवाज, वेगळ्या ट्रॅकवर घ्यायची, म्हणजे आवाजाचा पोत नंतर बदलता येतो. प्रत्येक गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही. गर्दीची आरोळी सहा जणांकडून तीन-तीनदा, प्रत्येक वेळी जागा बदलून. मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, किती मोठ्या आवाजाची करायची यावर भांडू नका. स्पॉटिफाय सगळं साधारण −१४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या पातळीचं माप) आणून ठेवतं. जास्त चिरडलेलं गाणं तिथे उलट बारीक वाटतं. गाणी वितरकाकडे, म्हणजे ती स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीकडे, प्रकाशनाच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी द्यावीत. गाण्याचं नाव देवनागरीत ठेवा, पण बँडचं नाव एकदा ठरवलेल्या एकाच रोमन स्पेलिंगमध्ये, सगळीकडे तेच. दोन स्पेलिंगं झाली की दोन वेगळी पानं तयार होतात आणि ती जोडून घेताना महिने जातात. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवरही टाकाच, ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतात, वर पेमेंटची फी जाते, बाकी पैसे तुमचे.

कार्यक्रमाचं पहिलं गणित तारखेचं. जूनपासून पाऊस. मग गणपती, त्यात सगळ्या साउंड सिस्टिम आणि तुमचा ड्रमर दोन्ही मंडळांकडे. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड असते, रात्री उशिरापर्यंत कोणाला जागायचं नसतं. १ नोव्हेंबरला एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. त्या आठवड्यात माइकची परवानगी मागायला जाणं म्हणजे उगाच डोळ्यांत येणं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बसतं, लॉज भरतात आणि पोलिसांना तुमच्यासाठी वेळ नसतो. मार्चपासून परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं, म्हणजे कार्यालयं गेली. राहतो नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी-फेब्रुवारी. वर्षात दोन चांगले कार्यक्रम झाले तरी पुष्कळ झाले.

परवानगीचा अर्ज दोन आठवडे आधी, कन्नडमध्ये. बँडमध्ये कन्नड लिहिणारा एक जण हवाच. अर्ज लगेच वाचला जातो. सोबत हॉलमालकाचं संमतिपत्र, साउंडवाल्याचं नाव, वेळ सुरू-संपण्याची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे, म्हणून शेवटचा बँड साडेनऊला उतरेल असं वेळापत्रक करावं. शाळा, दवाखाना, कोर्ट यांपासून शंभर मीटरच्या आतला हॉल घेऊ नये. अर्जात 'हार्डकोर' लिहू नका. तो शब्द वाचून जे वाटतं ते समजावत बसावं लागतं. 'संगीत कार्यक्रम' पुरेसं आहे. पोस्टर कन्नड आणि मराठी दोन्हींत छापा, दोन्ही अक्षरं सारख्या आकाराची. शब्द आपले मराठीत आहेत, तेवढं बास. पोस्टरवरून वाद ओढवून घेतला तर कार्यक्रम बाजूलाच राहतो.

गावात गाण्याची कदर आहे. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच. पण ती कदर बसून ऐकण्याच्या गाण्याची, आणि साउंडवाला तयार झालेला असतो तो मिरवणुकीच्या डॉल्बीवर. त्याच्याकडचे अठरा इंची बेस स्पीकर चांगले असतात, फक्त ते पन्नास-साठ हर्ट्झला फुगवून ठेवलेले असतात. २००च्या वेगानं डबल पेडल चालला की सेकंदाला तेरा ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. पन्नास हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची. बेस चार लाटा घुमतोय तोवर पुढचा ठोका आलेला असतो आणि सगळ्याची एकच गुरगुर होते. तो म्हणणारच, "अण्णा, बेस वाढिवतो, मजा येतंय." त्याला नाही म्हणू नका, कामाला लावा. किकच्या आत उशी, पन्नासच्या खालचं कापायचं, पन्नास-साठचा फुगवटा काढायचा, तीन-चार किलोहर्ट्झला थोडं वाढवून टक्क आवाज आणायचा. गायकाच्या माइकला शंभरच्या खालचं बंद. चॅनेलची यादी आदल्या दिवशीच द्यायची: किक, स्नेअर, एक ओव्हरहेड, बेस गिटार, दोन गिटार, दोन आवाज. आठ चॅनेलमध्ये भागतं. त्याला चहा आणि जेवण बँडच्या आधी. एकदा त्याला किकचा टक्क आवाज मिळाला की पुढच्या वेळी तो स्वतःहून तसा लावतो.

मंगल कार्यालयाची फरशी, काचा आणि उंच छत यामुळे प्रत्येक आवाज दोन-तीन सेकंद रेंगाळतो. मांडववाल्याकडून जाड पडदे घेऊन मागच्या भिंतीला सोडावेत, गिटारचे अॅम्प कमी करावेत आणि सगळी गाणी दहा बीट सावकाश वाजवावीत. लोकांना ती वेगवानच वाटतात. ड्रमखाली सतरंजी आणि किकपुढे लाकडी पट्टी ठोकलेला प्लाय, नाहीतर तिसऱ्या गाण्यात किक स्टेजच्या कडेला पोचतो.

समोर किमान पंधरा बाय पंधरा फूट मोकळं ठेवा. खुर्च्या पहिल्या रांगेपासून काढाच. फरशीवर पाणी सांडलं की लगेच पुसायला एक माणूस. पडलेल्याला आधी उचलायचं, हे पहिल्या गाण्याआधी माइकवरून मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायचं; इथल्या पोरांना विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचायची सवय असते, ती गर्दी सांभाळतात, पण कोपर कुठे जातं याचं भान नसतं. मुलींना कडेला उभं राहायची जागा राखावी, त्या मध्ये आल्या तर कोणी हात लावायचा नाही हेही त्याच वेळी स्पष्ट बोलावं. काचेची बाटली आत नको. बँड वाजत असताना भांडण झालं तर वाजवणं थांबवावं, चालू ठेवू नये. आवाज बंद झाला की हात आपोआप खाली येतात.

टी-शर्ट हेच खरं उत्पन्न. १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम) काळा कॉटन, एकाच रंगात छपाई. काळ्यावर पांढरा छापताना एक थर करडा दिसतो. मंडळांचे टी-शर्ट छापणाऱ्याला दोन थर मारायला आणि मध्ये सुकवायला सांगा. पन्नासात साइझ पाच-पंधरा-वीस-दहा, लहानापासून मोठ्याकडे.

प्रवास. हुबळी शंभर किलोमीटरच्या आत, कोल्हापूर ११०, चोर्ला घाटातून पणजी सव्वाशे-दीडशे, पुणे ३४०, बंगळूर ५००. कोल्हापूर-पुणे हा शनिवार-रविवारचा दौरा होतो, बंगळूर त्यात बसवू नये. पूर्ण ड्रमसेट नेऊ नका. झांजा, स्नेअर, पेडल आणि काठ्या एवढंच न्यायचं, बाकी तिथे यजमान बँडचा. पुण्यात पबमधला कार्यक्रम असेल तर आधी वयाचं विचारा. महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे हार्डकोर ऐकणारा कॉलेजचा पोरगा दारातच अडतो आणि आत बसलेल्यांना गप्पा मारायच्या असतात. पिवळ्या पाटीची केए २२ गाडी घेतली तर परमिट आणि कराचे कागद निघण्याआधी बघा, सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे ते मागितले जातात. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसटी बंद होतात, मग रेल्वेच. अशा आठवड्यात गाडीची नंबरप्लेट दोन्ही बाजूंना नडते. पावसाळ्यात चोर्ला घाटाची खबर सकाळी घेतल्याशिवाय निघू नये.

पैशाला भिशीसारखी वही ठेवा. दरमहा प्रत्येकाचा सारखा हप्ता, कार्यक्रमाचं आणि टी-शर्टचं सगळं त्यातच, वाटणी नाही. खोलीभाडं, तारा, ड्रमची कातडी, पेट्रोल हे त्यातूनच जातं. कोणत्या वस्तू बँडच्या आणि कोणत्या कोणाच्या स्वतःच्या, हे पहिल्याच महिन्यात वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. चीर गेलेल्या झांजेवरून मैत्री तुटलेली इथे बघायला मिळते.

कोणीतरी जाणारच हे धरून पहिल्या दिवसापासून तयारी हवी. प्रत्येक गाण्याचा क्लिक ट्रॅक (कानात ऐकायची तालाची टिकटिक), त्याचा वेग आणि ड्रमचा वेगळा ट्रॅक जपून ठेवायचा. नवा ड्रमर आला की त्याला तो कानात देऊन दोन आठवड्यांत सेट बसतो, नाहीतर तीन महिने जातात. गाण्यांचे हक्क सगळ्यांत सारखे, कोणी लिहिलं ते न बघता. सोडून जाणाऱ्याचा जुन्या गाण्यांतला वाटा राहतो, नाव मात्र गावात वाजवत राहणाऱ्यांचं. दोघांपेक्षा कमी राहिले तर नाव बंद. मूळ ट्रॅक दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत, आणि त्यातलं एक घर बेळगावातलंच. वितरकाच्या खात्याचा ईमेल कोणा एकाचा नको, बँडचा स्वतंत्र ठेवा आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर. खात्याची वार्षिक फी असेल तर ती कोण भरणार हे शेवटच्या कार्यक्रमाआधी ठरवा. काही वितरकांकडे फी थांबली की गाणी उतरवली जातात, आणि तोवर चौघं चार शहरांत पांगलेले असतात.